करवतीचे दुसरे टोक

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेली आहे. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणारी माणसेही आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. करवतीच्या वाट्याला मात्र म्हणी फारशा आल्या नाहीत. आज मला तिच्याविषयीच बोलायचे आहे. तेही जुन्या करवतीविषयी थोडे आणि तिच्या पेट्रोलवर चालणाऱ्या नातीविषयी जास्त. दुकानात तिला चेन सॉ म्हणतात. आमच्याकडे खेड्यात कुणी कटर म्हणतो, कुणी नुसतेच 'झाड कापायचं मशीन'.

माझे वडील आराकश होते. आरा म्हणजे मोठी करवत आणि ती ओढणारा तो आराकश. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या चार बाजूंना बैलगाडीची साटी, नांगर, दारे-चौकटी यांसाठी जे लाकूड लागे, ते १९७०च्या दशकात अजून जागेवरच चिरले जाई. शहरात वखारी होत्या, विजेवर फिरणारे पट्ट्याचे आरे होते. पण बांधावरचा बाभळीचा ओंडका वखारीपर्यंत नेण्याचे गाडीभाडेच लाकडापेक्षा जास्त व्हायचे. मग अब्बांना बोलावणे येई.

त्यांचे काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. वाशांची घोडी करून तिच्यावर ओंडका तिरका चढवायचा. रंगात बुडवलेली दोरी ताणून त्यावर सूत मारायचे. मग एक जण ओंडक्यावर उभा आणि दुसरा त्याच्याखाली. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने जोर लावायचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा, म्हणून तो डोक्याला फडके बांधून मान वाकडी धरायचा. अब्बा वर असत आणि खाली आमच्या आळीतले सुतारकाका. करवतीला दोन टोके होती आणि दोन्ही टोकांना माणूस होता. एक थांबला की दुसरा आपोआप थांबे. एकाला पाणी प्यायचे असेल तर दोघे पाणी पीत.

उभे झाड पाडतानाही तसेच. बुंध्याच्या दोन बाजूंना दोघे समोरासमोर बसत. झाड 'बोलू' लागले, म्हणजे आतून पहिली कडकड आली, की ज्याला ती आधी ऐकू येई तो दुसऱ्याला हाक देई. करवत चिमटू लागली तर एक जण पाचर ठोकी. सहा तास घासून एक झाड पडे. काम फार हळू होते, पण त्या सहा तासांत झाड कुठे झुकते आहे, वारा कुठून येतो आहे, फांदी कुठे अडकली आहे, हे सगळे दोघांच्या चार डोळ्यांखालून जाई.

करवतीच्या दोन गोष्टी मी लहानपणी ऐकल्या. घरात आजी जकेरिया पैगंबरांची कथा सांगे. शत्रूंपासून लपण्यासाठी ते झाडात शिरले आणि झाडासकट करवतीने चिरले गेले, पण त्यांनी हूं की चूं केले नाही. देवळात कीर्तनकारबुवा मयूरध्वज राजाची कथा लावीत. अतिथीच्या मागणीसाठी राजा करवतीखाली बसला आणि करवत ओढायला बसले राणी आणि राजपुत्र. दोन धर्मांच्या या दोन कथा ऐकून मी अब्बांना विचारले होते की एकट्याने करवत का ओढत नाहीत? ते म्हणाले, "अकेले से आरा नहीं चलता." मला ते तेव्हा नुसते कामाचे वाक्य वाटले.

आता या नव्या करवतीचा जन्म कसा झाला ते पाहू. गंमत म्हणजे साखळीची करवत मुळात लाकडासाठी निघालीच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी, वाकणारी साखळी वापरली. तिच्या दोन टोकांना मुठी होत्या. भूल देण्याची सोय नसलेला तो काळ. अडलेल्या बाळंतपणात आणि सडलेले हाड काढताना कमीत कमी वेळात, आजूबाजूचे मांस न फाडता कापता यावे, हा हेतू होता. पुढे १८३० साली जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी ही साखळी एका पात्याभोवती बसवली आणि हाताने फिरवायचा दांडा तिला जोडला. आजच्या चेन सॉचे रूप त्यात स्पष्ट दिसते. म्हणजे जे यंत्र आज माणसाचे हाड चुकून कापते, ते जन्मले होते माणसाला वाचवण्यासाठी.

लाकडाकडे ते वळले विसाव्या शतकात. जर्मनीतच आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत केली. पण जंगलात वीज कुठली? १९२७ साली एमिल लेर्प यांनी थुरिंजियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलवर चालणारे यंत्र चालवून दाखवले. १९२९ साली श्टील यांचेही पेट्रोलचे यंत्र आले. ही यंत्रे चाळीस-पन्नास किलोंची धुडे होती. एक जण इंजिनाकडची मूठ धरी आणि पात्याच्या दुसऱ्या टोकालाही एक मूठ असे, ती दुसरा धरी. म्हणजे इंजिन आले तरी करवतीचे दुसरे टोक अजून शाबूत होते, आणि त्या टोकाला माणूसही होता. टोकावर मूठ असल्यामुळे पात्याचे टोक भलत्या ठिकाणी आपटण्याची शक्यताही फारशी उरत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दातांची सुधारणा एका किड्याने शिकवली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका खोडात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. अळी आपले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत उभ्या-आडव्या रेषांतून सारख्याच सहजतेने पुढे जात होती. कॉक्सने साखळीचे दात त्या जबड्यांसारखे घडवले, आणि १९४७ साली कंपनी काढली. आजही जगभरच्या साखळ्यांचे दात बहुतांशी त्याच वळणाचे असतात. त्याच सुमारास इंजिनेही हलकी झाली, कार्ब्युरेटर सुधारला आणि यंत्र कसेही तिरपे धरले तरी बंद पडेनासे झाले. १९५९ साली आलेले श्टील कंपनीचे एक गाजलेले यंत्र अवघे बारा किलोंचे होते. आज बाजारात चार-पाच किलोंचीही मिळतात.

यंत्र हलके झाले आणि दुसऱ्या माणसाची गरज संपली. पात्याच्या टोकाची मूठ निघाली, टोक उघडे पडले. अपघातांचे नवे प्रकरण इथून सुरू झाले.

साखळी पूर्ण वेगात असते तेव्हा ती सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग चुकून दुसऱ्या फांदीला, दगडाला लागला, तर दात तिथे अडकतो आणि ती सगळी शक्ती पाते उलट वर फेकते, थेट चालवणाऱ्याच्या मानेकडे आणि चेहऱ्याकडे. ही उसळी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत येते. 'मी सावध असतो' या वाक्याला तिथे काही अर्थ राहत नाही, कारण माणसाचे शरीर तेवढ्या वेळात हलतच नाही. या अपघातांतूनच १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला साखळीचा ब्रेक आला. पुढच्या मुठीसमोर जो आडवा पंजा दिसतो तो शोभेचा नाही. पाते उसळले की तो मनगटावर आदळून किंवा झटक्याने पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते.

दुसरे दुखणे हळू मारणारे होते. दिवसभर थरथरणारी मूठ धरल्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटे पांढरीफटक आणि बधिर होतात. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या दगडफोड्यांत हे दुखणे नोंदले होते. हवेवर चालणारे हातोडे त्याला कारण होते. पुढे तेच दुखणे जगभरच्या जंगलकामगारांत दिसू लागले, तेव्हा १९६०च्या दशकात इंजिन आणि मूठ यांच्यामध्ये रबर आणि स्प्रिंगा बसू लागल्या. रेस देण्याच्या खटक्यामागे दुसरा एक खटका असतो, तोही असाच आला. तळहाताने तो दाबल्याशिवाय रेस मिळत नाही. यंत्राचा एकेक भाग पाहत गेलो, तर प्रत्येकामागे कुणाचा तरी हात, कुणाचा तरी खांदा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या पिढीच्या तोंडी नगर आहे. या जिल्ह्याने महाराष्ट्राला एक शब्द दिला: कुऱ्हाडबंदी. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावांनी स्वतःवर जी बंधने घालून घेतली, त्यांत चराईबंदी, नशाबंदी यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी होती. उघड्या पडलेल्या डोंगरावर पुन्हा झाड दिसले ते त्या शब्दामुळे. वृक्षतोडीवर बंधने घालणारा राज्याचा कायदा तर १९६४ पासून आहे. पण गावाने केलेली बंदी कायद्याहून जास्त पाळली गेली, हेही आपण पाहिले.

त्या शब्दात कुऱ्हाड होती, कारण तेव्हा झाडाचा शत्रू म्हटला की कुऱ्हाडच डोळ्यांपुढे येई. कुऱ्हाडीला आवाज असतो, वेळ लागतो, चार घाव पडेपर्यंत गावात कळते. आज जे झाड पाडायला अब्बांना सहा तास लागत, ते हे मशीन काही मिनिटांत पाडते. तरीही मी या यंत्राला दूषणे द्यायला बसलेलो नाही. म्हाताऱ्या मोसंबीच्या बागा काढायच्या असतात, वेडी बाभूळ शेतात माजते, वळवात निंब गोठ्यावर पडतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तेव्हा कोकणातले रस्ते मोकळे करायला आपत्ती दलाचे जवान हीच यंत्रे घेऊन उतरले होते. त्या रस्त्यांवरून रुग्णवाहिका गेल्या त्या या यंत्रामुळे.

प्रश्न वेगळा आहे. फिलिपिन्सने २००२ साली खास चेन सॉचा कायदा केला. तिथे यंत्र बाळगायला नोंदणी आणि परवानगी लागते. युरोपातल्या अनेक देशांत धंद्याने झाडे तोडणाऱ्याला शिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो. आपल्याकडे शेतीसाहित्याच्या दुकानात पैसे दिले की मशीन पिशवीत घालून घरी येते. बरोबरचे पुस्तक इंग्रजीत असते आणि ते खोक्यातच राहते. शिवाय आम्हा नगरकरांना टू-स्ट्रोक इंजिनाची भीती नाही. १९७२ साली आलेल्या लूनाने आम्हाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला शिकवले. नगर-दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा कारखाना तर आमच्या घरचाच वाटे. चोक ओढा, दोरी ओढा, सुरू! ज्याला लूना येते त्याला हेही येते, असा एक समज आहे. लूनाला उघडे दात नव्हते, एवढे मात्र आपण विसरतो.

माझा भाचा त्याच समजातला. सव्वीस वर्षांचा, कष्टाळू पोरगा. त्याने जुने मशीन विकत घेतले आणि आसपासची कामे करू लागला. २०२१च्या मे महिन्यातल्या वळवात शेजारच्या वस्तीवर निंब आडवा झाला, गोठ्याची वाट अडली. दुपारी सगळे लग्नाला गेलेले. हा एकटाच मशीन घेऊन गेला. पायात चप्पल, डोळ्यांवर काही नाही. मशीनचा पुढचा पंजा आधीच्या मालकाच्या हातून मोडला होता, आणि 'त्याच्यावाचून काही अडत नाही' म्हणून कुणी बसवला नव्हता. फांदी कापताना पात्याचे टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागले आणि पाते उसळून डाव्या खांद्यात उतरले.

शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजीबाईंना मशीनची घुरघुर ऐकू येत होती, पण लाकूड कापल्याचा आवाज येत नव्हता. त्यांना ते खटकले म्हणून त्या बांध ओलांडून आल्या. त्यांनी लुगड्याचा पदर फाडून जखमेवर घट्ट दाबून धरला आणि हाका मारून माणसे गोळा केली. पोरगा वाचला. पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही.

अब्बा तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना सगळे सांगितले. मशीन कुठले, जखम किती, टाके किती, यातले त्यांनी काही विचारले नाही. त्यांनी एकच विचारले, "साथ में कौन था?"

त्या दिवशी मला त्यांचे जुने वाक्य आठवले. पुढे या यंत्राचे नियम मी मुद्दाम समजून घेतले, तेव्हा वाटले की हे सगळे नियम म्हणजे त्या गेलेल्या दुसऱ्या माणसाला परत बोलावण्याची धडपड आहे. ते नियम थोडक्यात सांगतो. कुणाच्या घरी हे मशीन असेल, तर त्याला वाचून दाखवा.

आधी अंगावर काय आहे ते पाहा. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा, कानांना बंदिस्ती, पायात टाचेपासून बोटांपर्यंत बंद मजबूत बूट. पायांसाठी खास विजार मिळते. दात लागताच तिच्यातले लांब धागे निघून साखळीत गुंततात आणि साखळी थांबते. गमछा, सैल सदरा, गळ्यातला दोरा चालत नाही. मग मशीन पाहा. पुढचा पंजा जागेवर आहे का, ब्रेक लागतो का, साखळी सैल नाही ना, साखळीचे तेल भरले आहे का. बोथट साखळी जास्त धोक्याची, कारण माणूस मग जोर लावतो. पेट्रोल-ऑइलचे प्रमाण त्या मशीनच्या पुस्तकात पाहूनच ठरवा, लूनाच्या आठवणीवर नको. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असावे, विडी-काडी लांब. भरून झाल्यावर मशीन तिथून निदान तीन मीटर दूर नेऊन सुरू करा.

सुरू करताना ब्रेक लावलेला हवा. मशीन सपाट जमिनीवर ठेवा, पाते कशालाही टेकू देऊ नका. डाव्या हाताने पुढची मूठ अंगठा वळवून घट्ट धरा, उजव्या पायाचा पंजा मागच्या मुठीत रोवा आणि उजव्या हाताने दोरी ओढा. एका हातात मशीन लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची जी ऐट दिसते, ती आधी सोडा. सुरू झाल्यावर रेस न देता साखळी फिरत असेल तर मशीन बंद करून दुरुस्तीला न्या. कापताना कायम दोन्ही हात मशीनवर असावेत आणि शरीर पात्याच्या रेषेतून बाजूला. टोकाने कापू नका. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर तर चढूच नका. दोन पावलांपेक्षा जास्त चालायचे असेल तर ब्रेक लावा.

झाड पाडताना आधी वर पाहा. वीजतारा, वाळलेल्या फांद्या, वारा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. पळायची वाट आधी मोकळी करा, ती झाड पडण्याच्या दिशेच्या मागे तिरकी असावी. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला खाच, मग मागून काप. पण शेवटपर्यंत कापत जाऊ नका. बुंध्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड मध्ये राहू द्या. दाराला बिजागरी असते तशी ती झाडाची बिजागरी. तिच्यावर झाड सावकाश वळते आणि ठरल्या जागी पडते. अब्बा हेच करत, फक्त त्याला नाव देत नसत. आडवे पडलेले झाड तर उभ्यापेक्षा फसवे. दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते, चुकीच्या बाजूने कापली की तोंडावर येते. भाच्याचे झाड आडवेच होते.

आणि शेवटचा नियम, जो खरे तर पहिला आहे: एकट्याने हे काम करू नका. दुसरा माणूस लांब उभा असू दे, पण तो दिसला पाहिजे, त्याची हाक किंवा हातवारा कळला पाहिजे, आणि मशीनचा आवाज बदलला की त्याला कळले पाहिजे.

अब्बा २०२३ साली गेले. त्यांचा आरा आमच्या माळवदावर पडून आहे, दातांवर गंज चढलाय. दोन्ही मुठी मात्र अजून गुळगुळीत आहेत. भाच्याने मशीन विकले नाही. पंजा नवा बसवला, हेल्मेट-बूट आणले. त्याचा हात वर जात नाही, म्हणून मोठी कामे तो घेत नाही. मागच्या पावसाळ्यात कुणाची बाभूळ काढायला निघाला, तेव्हा मी सहज विचारले, "बरोबर कोण आहे?"

तो हसला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही चला की."

मी गेलो. लांब उभा राहून झाड पाहत राहिलो. बाभूळ बोलायला लागली, ती मला आधी दिसली, आणि मी हात वर केला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)